माटोळीखालची चटई

देव आहे की नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही. तो आपल्याकडे बघतो का, हा मात्र यंदाच्या चवथीला पडला. माझे यजमान गेल्यानंतरची ही पहिली चवथ. आमच्याकडे कोरगावात वर्षाच्या आतसुद्धा गणपती चुकवत नाहीत, फक्त गाजावाजा करत नाहीत. मूर्ती येणार होती, नैवेद्य मी करणार होते. पण माटोळी कोण बांधणार?

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरून पुढपर्यंत टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळं-फुलं. आमच्या घरात ते काम यांचं. एरवी हा माणूस बाजारात पाठवला तर निम्मं सामान विसरून यायचा. पण चवथ जवळ आली की डोंगरावर कुठल्या वेलीला काय लागलंय ते त्याला तोंडपाठ. लालभडक कवंडाळं, माट्टीची हिरवी फळं, शेरवडाची पांढरी पानं, सुपारीचे घोस, सगळं केवणीच्या सालीच्या दोरीने बांधायचे. सुतळी घरात असली तरी तिला हात लावत नसत. मांडणी दरवर्षी वेगळी. चवथीला जेवणं झाली की माटोळीखाली चटई टाकून आडवे होत आणि मला हाक मारत, "गो, मातशें हांगा येवन पळय." जरा इथे येऊन बघ. माझे हात खरकटे, चुलीवर दूध. दमलेत बिचारे, झोपू देत, म्हणून मी दार ओढून घ्यायची.

यंदा मुलगा म्हणाला, पेडण्याच्या बाजारात सगळं आयतं मिळतं, मी घेऊन येतो. त्याचं काही चुकलं नाही. मी म्हटलं, निदान बाबांसारखी बांधू, जुने फोटो काढ. अल्बम काढले, मोबाइल पाहिले. मूर्ती होती, आरती होती, नव्या साडीतली मी होते, लाडवांनी तोंड भरलेली नातवंडं होती. माटोळी एकाही फोटोत नव्हती. मूर्ती नीट यावी म्हणून प्रत्येकाने वरचं कापलं होतं. कुठे एखादं दोडकं लोंबताना दिसे, बाकी काही नाही. विसर्जनानंतर माटोळी सोडतात, फळं वाटून टाकतात. म्हणजे त्यांच्या हातचं काहीच उरलं नव्हतं, आणि मला आठवायला जावं तर मलाही आठवेना. त्या दुपारी मी खूप रडले. एवढी वर्षं ज्याच्यासाठी बांधलं त्या देवाने तरी पाहिलं का, असं मनात आलं आणि त्या विचाराचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच डोंगरावर गेले. काजूच्या बागा संपल्या की वर रान लागतं. शेरवड मिळाला, माट्टीही मिळाली, पण कवंडाळ कुठे दिसेना. गुडघे बोलायला लागले. शेवटी एका दगडावर बसले आणि म्हटलं, बाबा गणपती, माझ्याने एवढंच होतं, आता तुझं तू बघ.

थोड्या वेळाने गवताचा भारा घेतलेली एक बाई उतरत आली. का बसलात, म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर तिने भारा खाली ठेवला आणि मला झाडीतून आत नेलं. तिथे एका झाडावर कवंडाळाचा वेल चढला होता, लाल फळांनी भरलेला. वेल खाली लोळू नये म्हणून कुणीतरी फांदीला बांधला होता. दोरी केवणीच्या सालीची, वाळून काळी पडलेली. गाठ मी लगेच ओळखली. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं.

ती म्हणाली, "हांगा एक काका येताले. फळां सगळीं काडीनासले, दोन तरी वेलीर दवरताले. हांवें एकदां विचारलें, काका, इतले कश्ट घेतात, माटोळेक मान वयर करून कोण पळयता? तर म्हणले, देव पळयता. आनी घरकान्नीक केन्ना तरी दाखयतलों."

घरकान्न म्हणजे बायको, म्हणजे मी. मला ते कधीतरी दाखवणार होते. मी फळं काढली, दोन वेलीवर ठेवली, गाठ तशीच राहू दिली. वळून पाहिलं तर बाई भारा घेऊन निघून गेली होती. नाव-गाव विचारायचं राहून गेलं. ती कोण होती यावर मी डोकं शिणवत नाही. तिला माझा नमस्कार पोचला असेल एवढं पुरे.

माटोळी मी आणि मुलाने मिळून बांधली. यांच्यासारखी झाली नाही, जरा एका बाजूला कललीच. पण बांधताना एक उमगलं. देवापुढचं काम उरावं म्हणून करायचं नसतं, करताकरताच देऊन टाकायचं असतं. हे ते दरवर्षी करत आले आणि मी दरवर्षी फोटोत नीट उभी राहत आले.

चवथीला जेवणं झाली. मी भांडी तशीच ठेवली, माटोळीखाली चटई टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथे आडवी झाले. खालून ती वेगळीच दिसते. फळांच्या मधून कौलांतला उजेड येतो, कवंडाळं आतून पेटल्यासारखी लाल होतात, वारा आला की सगळं हळूहळू फिरतं. इथे कुणाला झोप येणं शक्य नव्हतं. ते झोपत नव्हतेच.

बराच वेळ पाहत राहिले. उठताना लक्षात आलं, मी चटईच्या एका कडेला सरकून निजले होते. दुसरी बाजू मोकळी होती. तेवढीच जागा ते माझ्यासाठी दरवर्षी ठेवत असतील.