सुकल्यावर बोलू

माझ्या हातात पहिल्यांदा ब्रश दिला तो मालतीकाकूंनी, हे आधी सांगते. त्या गेल्याचं सांगायला मग थोडा धीर येईल. महिना झाला... सकाळी त्यांचा मुलगा आमच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि समजले.

सातवीत माझी शाळा सुटली. लग्न होऊन सांगोल्याहून उज्जैनला आले. हे दिवसभर ऑटो घेऊन बाहेर, माझं हिंदी तोडकंमोडकं. समोरच्या घरातून मराठी ऐकू आलं म्हणून दारात गेले, तर काकू मुलांना रंग शिकवत होत्या. त्यांनी मलाही बसवलं, पण मोठं चित्र काढायला नाही. पत्त्याएवढा कागदाचा तुकडा, त्यावर एक पेरू आणि त्याची सावली, एवढंच. मी सावली काळी रंगवली. "काळी कुठे दिसते तुला? बघ तर सही," म्हणाल्या. बघत बसले, तेव्हा कुठे तिच्यात निळा दिसला, पेरूचा हिरवाही दिसला.

ओल्या रंगावर त्या कधीच मत द्यायच्या नाहीत. जलरंग सुकला की फिका पडतो, ओला असताना तो सगळ्यांनाच फसवतो, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र दम निघायचा नाही. बरं आहे का, चुकलं का, सारखं विचारायची. त्या हसायच्या. "एवढी घाई असेल तर देवास गेटच्या स्टँडवर जा, बस पकड. सुकल्यावर बोलू."

या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. नवी मुलं तू सांभाळ, म्हणाल्या. पण आधी तोच पेरू परत करून दाखव, जमला तर हो म्हणते. त्यांच्या पलंगाशी बसून केला आणि सवयीने ओलाच पुढे धरला. त्यांनी डोळे न उघडता हात हलवला. "सुकल्यावर..." संध्याकाळी त्या ग्लानीत गेल्या, त्या परत बोलल्याच नाहीत.

आता मुलांच्या आया म्हणतात, "दीदी, आप ही सिखा दो ना." मी मान खाली घालते. काकू शिकवायच्या ती खोलीही आता भाड्याने जाणार आहे. तो तुकडा माझ्या खिडकीत आहे, केव्हाच सुकलाय. रोज बघते. सावली जमली की नाही, मला कळत नाही, आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

काकू, माझ्याने होईल असं वाटत नाही. पण कधीतरी, एका तरी घाबरटापुढे पेरू ठेवीन, आणि रंग सुकेपर्यंत गप्प त्याच्याजवळ बसेन. तुमचं तेवढं तरी फेडीन.