चकाकीची खोड

वर्तमानपत्रातली नोकरी सोडल्यावर मी लोणावळ्यातल्या एका छोट्या प्रयोगशाळेचे अहवाल लिहू लागलो. तिथे मेंदूत बसवायचे इलेक्ट्रोड तयार होत. मोहरीएवढी प्लॅटिनमची चकती आणि तिच्यावर वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा निळसर काळा थर. थर असला की मेंदूतले क्षीण संकेत उघड्या धातूपेक्षा स्वच्छ पकडता येतात. पण तो टिकत नव्हता. मिठाच्या पाण्यात ठेवून विजेचे ठोके दिले, की फुगायचा आणि चिकटपट्टी लावून ओढली, की पट्टीवर यायचा.

थराचं काम एका संशोधक बाईंचं होतं. हे इलेक्ट्रोड वापरणार होते त्या पुण्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सांगून टाकलं होतं, की पुढच्या चाचणीतही थर निघाला तर ते साधं प्लॅटिनम वापरतील. म्हणजे बाईंचं काम तिथेच संपणार होतं.

चकत्या घासायला जवळच्या इंदुरी गावचे एक गृहस्थ होते, सगळे त्यांना भाऊ म्हणत. कारखान्यात हत्यारं आणि साचे घडवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झालेले. पृष्ठभागात तोंड दिसल्याशिवाय काम पुढच्या माणसाच्या हातात द्यायचं नाही, ही तिथली रीत त्यांच्या अंगात भिनलेली. बाईंच्या लक्षात आलं, की अडचण या चकाकीतच आहे. गुळगुळीत धातूवर थराला धरायला जागाच मिळत नाही.

“भाऊ, यावेळी भरड दाण्याच्या पेस्टने घासा. ओरखडे राहू द्या.”

“ओरखडे?” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. “ताई बऱ्या हायेत ना?”

“मुद्दाम हवेत. सगळीकडे सारखे.”

“तुमी म्हणताय तर करतो. पण आमच्या सुपरवायझरनं असला माल माझ्याच डोक्यात घातला असता.”

चकत्या आल्यावर खऱ्या चाचणीआधी बाईंनी प्रयोगशाळेतच एक तालीम घेतली. थर पुन्हा सोलून आला. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

शनिवारी भुशी धरणाकडे सहलीला निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबला आणि भाऊ अडकले. एरवी थर चढवायची कोरी चकती त्यांच्याच हातून यायची. ते नसल्यामुळे बाईंनी स्वतः डबी उघडून एक चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ पाहिलं. मग मला बोलावलं. ओरखडे नव्हतेच. होता तो आरसा.

भाऊ आले तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या.

“भाऊ, घासल्यावर परत चमकवलंत?”

“न्हाई.” मग चपला काढता काढता, “जरासं.”

“जरासं म्हणजे किती?”

“चमक आणायच्या मऊ फेल्टच्या चाकावर दोन हात मारले. तसलं ओबडधोबड तुमच्या हातात कसं देऊ, ताई? बरं दिसतं का ते?”

बाईंना हसू आवरेना. त्या खुर्चीत बसून डोळे पुसत हसल्या. भाऊ आधी ओशाळले, मग रुसले, मग तेही हसू लागले.

“पण एक करा,” ते म्हणाले, “ह्ये मी घासलंय म्हणून इंदुरीत कुणाला सांगू न्हका.”

नव्या चकत्या त्यांनी बाईंच्या समोर घासल्या आणि फेल्टचं चाक स्वतःच कपाटात टाकून किल्ली बाईंना दिली. चकत्या धुतल्या, थर चढवला, मिठाच्या पाण्यात ठेवल्या, विजेचे ठोके सुरू केले.

चाचणी संपल्यावर बाईंनी पहिल्या चकतीवर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. पट्टी कोरी. दुसरीची कोरी. शेवटच्या चकतीच्या कडेला थर किंचित उचलला होता, पण मधला भाग जागचा हलला नव्हता. तसंच मी लिहून घेतलं. भाऊंनी पट्टी खिडकीशी उजेडात धरली, उलटी करून पाहिली.

“निघालं न्हाई व्हय?”

“नाही निघालं.”

“बगा परत. पट्टी शिळी असंल.”

त्यांनी नवी गुंडाळी फोडली, अंगठ्याने पट्टी दाबली आणि स्वतः ओढली. तीही कोरी. मग ते एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर जात राहिले. चौथ्या की पाचव्या खेपेला बाईंनी गुंडाळी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने पुण्याला फोन लावला. पलीकडून उचलला गेला तेव्हा त्या इतक्या भरभर बोलू लागल्या, की डॉक्टरांना त्यांना दोनदा थांबवावं लागलं.