बसलेल्या बाईचं माप

मस्कतमध्ये राहून शिवणकाम येत नाही यात लाजण्यासारखं काही नाही, असं मी वीस वर्षं स्वतःला सांगत आले. अल हैलला आमच्या गल्लीत तीन टेलर आहेत. बाईमाणसाचं माप मात्र एकही घेत नाही. काउंटरपलीकडून मापाचा कपडा मागतात, आणि जुन्यात जी चूक असेल ती इमानेइतबारे नव्यात शिवून देतात. माझ्या सगळ्या ब्लाउजांचा डावा खांदा उतरतो. लोकांना वाटतं, माझाच खांदा वाकडा आहे.

तर मे महिन्यात आई आली, रत्नागिरीकडच्या गावातून, तीन महिन्यांसाठी. दुसऱ्याच आठवड्यात बाथरूममध्ये घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. आईने जन्मात साडीशिवाय काही अंगाला लावलेलं नाही, आणि एका हाताने साडी नेसता येत नाही. माझी शाळेची बस साडेसहाला येते, मी तिथे विज्ञान शिकवते. त्यामुळे पहाटे उठून, एक डोळा घड्याळावर ठेवून मी तिला साडी नेसवायची. "नीट उभी राहा ना गं," असं खेकसायची. ती बिचारी नीट उभी राहायची.

दुपारी घरी आले की तिच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या भरलेलाच असायचा. चौथ्या दिवशी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. बाथरूमला गेलं की साडी सुटते, ती परत नेसायला कोणी नसतं, आणि माझा नवरा घरूनच काम करतो. जावयासमोर अर्धवट गुंडाळलेल्या साडीत कसं जायचं? म्हणून बाईसाहेबांनी पाणी पिणंच बंद केलं होतं. मस्कतच्या मे महिन्यात! वर मला शांतपणे म्हणाली, "माझं तिकीट काढ गो. तिकडे निदान हाकेला बायका आहेत."

मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावरच ओरडले. आमच्या घराण्यात लाज अशीच बाहेर पडते.

गाऊन आणला. प्लास्टर त्याच्या बाहीत शिरेना, आणि डोक्यातून घालायला हात वर जाईना. शिवाय तो पोत्यासारखा झगा घालून मी मरायचीसुद्धा नाही, हे आईचं मत वेगळंच. नवऱ्याने इथल्या बायका घालतात तसा काळा अबाया सुचवला. पुढून उघडा, सैल बाहीचा. तोडगा बरोबर होता, म्हणूनच मला त्याचा राग आला. आईने तो एका वाक्यात निकालात काढला. काळं ती संक्रांतीला नेसते, रोज नाही.

मग मला तो व्हिडिओ सापडला. साधा, घरगुती, स्वतःच्या मापाचा जपानी किमोनो, तोही एका तासात. सगळे नुसते आयत, गोलाई कुठेच नाही. म्हटलं, आयत तर आमच्या शाळेत सातवीची पोरंही काढतात. दाखवणाऱ्या बाईला पोट, कंबर यांपैकी काहीही नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. हौसेने घेतलेलं शिलाई मशीन दोन वर्षं इस्त्रीचे कपडे ठेवायच्या कामी येत होतं, ते बाहेर काढलं. सीबच्या बाजारातून बारीक फुलांचं सुती कापड आणलं. दुकानदार म्हणाला, एवढाच तुकडा उरलाय, बाकी खलास. तेही बरंच झालं, नाहीतर मी त्या फुलांचे पडदेही शिवले असते.

घरात शिवणाची टेप नव्हती. नवऱ्याची साइटवरची स्टीलची टेप होती. तो गार पत्रा पाठीला लागला तशी आई शहारली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिचं मानेपासून टाचेपर्यंत माप घेत होतं. साडीला कुठे माप असतं? नेसणाऱ्याने आपलं आपण आवरून घ्यायचं. बंद दाराबाहेर खुर्ची टाकून आमचे हे उंटावरून शेळ्या हाकत होते. मार्जिन किती धरलंस, शिलाईला किती सोडलंस. माझी मापं ऐकून त्यांनी लॅपटॉपवर चक्क ड्रॉइंग काढलं, पुढून, मागून आणि बाजूने. खाली स्वतःचं नाव टाकलं आणि मंजुरीसाठी माझ्याकडे पाठवलं. इमारती कशा उभ्या राहतात या माणसाच्या, देव जाणे.

एक तास म्हणता म्हणता चार संध्याकाळी गेल्या. एक बाही मी दोन्हीकडून शिवून बंद केली, ती आईने हातात धरून उशीच्या अभ्र्यासारखी झटकून दाखवली. पण शेवटी झाला. आई उभी राहिली, प्लास्टर बाहीतून सुळकन गेलं, कापड घोट्यापर्यंत सरळ पडलं. नवऱ्याने दाराबाहेरूनच विचारलं, ड्रॉइंगप्रमाणे आलं ना? मी हो म्हणणार तेवढ्यात आई पलंगावर बसली, आणि समोरचे दोन्ही पदर मांडीवरून दोन दिशांना घसरले.

"उभ्या बाईचं माप घेतलंत तुम्ही," आई म्हणाली. "मी दिवसभर बसलेली असते."

इंजिनिअर आणि विज्ञानाची बाई, दोघांच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. आईने मग डाव्या हाताची वीत पसरून, बसल्या बसल्या, गुडघ्यावरून गुडघ्यावर माप घेतलं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन विती वाढवायला सांगितलं. बांधायच्या नाड्या काढायला लावल्या, गाठ एका हाताने बसत नाही म्हणून. त्याऐवजी वेल्क्रो, आणि तोही डाव्या कुशीला, जिथे तिचा धड हात पोचतो. फुलांचं कापड खलास होतं, म्हणून मी एका जुन्या सुती साडीच्या पट्ट्या जोडल्या.

शुक्रवारी सकाळी तयार किमोनो तिच्या हातात दिला, तर तिने मलाच खोलीबाहेर काढलं. नेमकी त्याच वेळी खालच्या मजल्यावरची शेजारीण टपकली. ती नवऱ्याबरोबर आठ दिवस जपानला जाऊन आल्यापासून हिरवा चहा पिते आणि लिफ्टमध्ये वाकून नमस्कार करते. आम्ही दोघं आणि ती असे हॉलमध्ये बसून राहिलो. अर्धा तास झाला. आत काहीतरी पडलं, मी उठले, परत बसले. शेजारीण मला जपानच्या बागांचे फोटो दाखवत होती.

दार उघडलं. आई बाहेर आली, केस चापून बसवलेले, कापड चापूनचोपून लपेटलेलं. जावयासमोरून चालत आली, सोफ्यावर टेकली, आणि काही म्हणता काही सरकलं नाही. नवऱ्याने लॅपटॉप मिटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला शेजारणीपुढे दाखवायचं नव्हतं.

शेजारीण मात्र पुढे वाकून पाहत होती. मग जीभ चावून म्हणाली, अय्या, हे उलटं झालं हो. जिवंत माणसाची डावी बाजू वर येते. उजवी वर असं फक्त मेलेल्या माणसाला गुंडाळतात तिकडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण धस्सही झालं. त्या व्हिडिओत हे कुणीही सांगितलं नव्हतं. मी उठले, आईच्या कुशीतल्या वेल्क्रोला हात घातला, म्हटलं, थांब, मी सारखं करून देते. आईने डाव्या हाताने माझा हात बाजूला केला.

"मेलेल्याला दुसरे नेसवतात, बाई," ती शेजारणीला म्हणाली. "हे माझं मी नेसलेय."

मी हात मागे घेतला.