लेखनिकाचं शिक्षण

माझा भाचा श्रीधर लहानपणी देवी येऊन आंधळा झाला. डोकं मात्र असं तल्लख, की विचारू नका! त्याची मोठी बहीण इंदू. आई गेली तेव्हा तिची नववी झाली होती. शाळा सुटली आणि चूल गळ्यात पडली. त्यांचा बाप, म्हणजे माझा भाऊ, गिरणीत; त्यामुळे घरात करणारी ती एकटीच.

इंदूनं वाचायचं, श्रीधरनं ऐकायचं. परीक्षेत त्यानं सांगायचं, तिनं लिहायचं. असा तो मॅट्रिक झाला. पण कॉलेजवाले म्हणाले, आंधळ्याला गणित कसं झेपेल? शाळेत न जाता बाहेरून मॅट्रिक झालेल्यांची इंग्रजी-गणिताची चाचणी होते, तीच यानंही द्यावी. लेखनिक आणावा, मात्र तो मॅट्रिक झालेला नको.

चाचणी पुढच्या जूनमध्ये होती. त्या वर्षात श्रीधरनं हट्टानं इंदूला बाहेरून मॅट्रिकला बसवलं. निकाल चाचणीनंतर लागेल असा आमचा हिशोब. मेला नेमका आदल्या दिवशी लागला! पेपरात इंदूचा नंबर. पोरगी आनंदानं रडली आणि लगेच तिचं तोंड उतरलं. बीजगणित ऐकून लिहिणारं दुसरं माणूस एका दिवसात कुठून आणायचं?

"गप राह्य," मी म्हटलं. "कोन विचारते?" आजही मला त्यात काही वाईट वाटत नाही.

सीताबर्डीपासून रिक्षानं आम्ही तिघं कॉलेजात गेलो. टेबलावर प्रश्नपत्रिका ठेवून सरांनी इंदूला विचारलं, "शिक्षण किती?"

"नववी."

"नाही, सर," श्रीधर उठून उभा राहिला. "माही बहीण मॅट्रिक पास हाय. कालच झाली."

इंदूनं त्याचं मनगट धरलं. "काहून बोल्ला रे? सारं वर्ष गेलं ना तुयं!"

"तुया हातानं आजपर्यंत म्या लिवलं, बाई. तू पास झाली, हे तरी मले माह्या तोंडानं सांगू दे."

सरांनी प्रश्नपत्रिका परत उचलली. मग म्हणाले, नियम माझ्या हातात नाही. दुसरा लेखनिक घेऊन पुढच्या वर्षी या. इंदूकडे वळून त्यांनी विचारलं, "बाहेरून मॅट्रिक? मग ही चाचणी तुम्हालाही आहेच. बसता?"

ती नको म्हणाली. घरचं कोण पाहील, म्हणाली. मला असा राग आला! "मी मेली का वं?" मी ओरडले. "बस तिथं!"

श्रीधरला मी बाहेर बाकावर आणलं. पुढच्या वर्षी तो चाचणी पास झाला, कॉलेजात गेला, आपल्या पायावर उभा राहिला. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं? हातातोंडाशी आलेलं सोडून बसला होता पोरगा. त्याच्या तळहाताला घाम सुटला होता. माझे डोळे वाहायचे काही थांबेनात.

"लिहून राहिली का वं, आत्या?"

दारातून मला इंदूची पाठ दिसत होती. "हो रे, लिहून राहिली."

"थांबली तर सांगजो मले."

घंटा होईपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो. मला काही सांगावं लागलं नाही.