उजवी गेली, डावी दिली

"पदर जरा सरकव की बाई. फोटोत कसं कळायचं, कुणाला काय दिलं ते?"

वहिनीसाहेब हे माईकवरच बोलल्या. माईक चालू होता. समोर चारा छावणीतल्या दोनेकशे बाया बसल्या होत्या, शेणाच्या पाट्या बाजूला ठेवून. मागं दावणीची जनावरं हंबरत होती. त्या साली आमच्याकडं ना पाणी होतं ना वैरण. नेकनूरच्या पुढं रस्त्याच्या कडेला साखर कारखान्यानं छावणी घातलती आणि गावंच्या गावं तिथं जनावरांपाशी येऊन पडलती. गर्दी आयती होती. म्हणून कार्यक्रम तिथंच ठेवला. कॅन्सर झालेल्या भगिनींचा सन्मान.

स्टेजवर आम्ही तिघी होतो. बाकीच्या दोघींना मी ओळखत नव्हते. वहिनीसाहेबांनी त्यांना कुंकू लावलं, डबा हातात दिला. माझी पाळी आली तेव्हा डबा टेबलावर ठेवला आणि म्हणल्या, "घे." मग माईककडं तोंड करून सांगितलं, "मागास वस्तीतली ही आपली अभागी भगिनी. हिला आज आपण पुन्हा पुरी बाई करणार आहोत."

टाळ्या पडल्या. फोटोवाला गुडघ्यावर बसला.

मी पदर सरकवला. कुणी ओढला न्हाई, माझ्याच हातानं सरकवला. झंपर एका बाजूला सपाट पडलेलं होतं ते दोनशे बायांनी बघितलं. आणि मी काय बोलावं? "लई मेहरबानी झाली, वहिनीसाहेब." हे पण माईकमधून गेलं. आजही आठवलं की माझंच थोबाड फोडावं वाटतं.

का बोलले, ते सांगते. वहिनीसाहेब कारखान्याच्या चेअरमनची बायको, आणि आमच्या गावच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्षही त्याच. संस्थेत दूध मापायला मी होते. आम्ही बौद्ध. पहिल्या वर्षी बाया कॅन लांब ठेवायच्या, मी माप घेतलं की पदरानं कॅनची कडी पुसायच्या. मी दहा वर्षं मापलं, थेंबाची चूक केली न्हाई. हळूहळू कडी पुसायची थांबली. मला वाटलं विटाळ गेला. कुठला जातोय? दबा धरून बसलता.

गाठ लागली तेव्हा वाटलं कॅनचा मार बसलाय. हळद लावली, तेल लावलं, अंगारा सोडून सगळं केलं. सहा महिन्यांनी शहरातल्या दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणले, उजवं काढावं लागंल. नवऱ्यानं आधीच दुसरं घर केलतं. माय संगं होती. व्हरांड्यात चटई टाकून माय-लेकींनी दिवस काढले. किमो झालं, मशीनचा शेक झाला, डोक्याचे केस गेले. टाके सुकल्यावर जा म्हणले. पुढं कसं जगायचं ते कुणी सांगितलं न्हाई. हाताला सूज येती, हात भिंतीवर चालवत वर न्यायचा, त्या हाताला ओझं द्यायचं न्हाई. हे सगळं मला माझ्या हातानं सुजून सुजून शिकवलं.

गावी आले तर माप काढून घेतलं होतं. "हिच्या हातचं दूध नको. कुणाला लागलं तर?" अशी बोलणी झाली म्हणे संस्थेत. झाडलोट दिली. झंपरात चिंध्यांचा बोळा घालून मी झाडायचे. वाकलं की बोळा गळ्याशी यायचा. पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणून छावणीत बोलावलं तेव्हा मी गेले. वाटलं, वहिनीसाहेबांची मर्जी बसली तर माप परत मिळंल. त्या आशेपायी पदर सरकवला मी.

घरी येऊन डबा उघडला. आत गुळगुळीत, अंगाच्या रंगाची वस्तू, गेलेल्या छातीच्या जागी लावायची. एका अंगाला निमुळती, तो भाग काखेकडं जायचा. लावून बघितलं तर टोक छातीच्या मधोमध आलं. फिरवून बघितलं तर उताणी पडली. नीट बघितलं तेव्हा उमगलं. डाव्या बाजूची होती.

माय चुलीपुढं बसलती. म्हणली, "अगं, इचारलं न्हाई का कुणी तुला?"

"न्हाई."

"गाय घेताना माणूस चारी सड चाचपून बघतंय. माझ्या लेकीची कंची बाजू गेली, एवढं इचारायला तोंड झिजत होतं का रांडांचं?"

मी हसले. हसता हसता असं रडू आलं की श्वास पुरंना. मायनं रडू दिलं. मग उतरंड धुंडाळून मोहरीचं गाडगं काढलं. तान्ह्या लेकराच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतेत ना, तसली एक गोल उशी शिवली मऊ लुगड्याची. मी हातात तोलून बघितली. मापायचा हात माझा, वजन त्याला कळतं. अजून मूठभर घाल म्हणलं. झंपराला आतून खिसा केला, उशी आत घातली. दुसऱ्या दिवशी मी ताठ उभी राहून अंगण झाडलं. डबा फळीवर टाकून दिला.

आता शालनचं सांगते. तिच्याशिवाय हे सांगण्यात काही अर्थ न्हाई.

शालन म्हंजे वरच्या आळीतल्या मोठ्या घरची सून. सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन यायची. मला माप काढून झाडलोट दिली तरी तीच एक थांबून बोलायची. मला अक्का म्हणायची. तिच्या आळीत ते चालत नव्हतं, तरी म्हणायची.

पुढच्या वैशाखात टँकर आला. आमी रांगेत होतो. शालनच्यानं हंडा उचलंना. हात अंगाला धरून उभी राहिली. मी तो हात ओळखला. असाच धरायचे मी. तिला म्हणलं, चल माझ्या घरी. ती आली. मी दार लावलं.

तिनं झंपर सोडलं. आत फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तसा वास आला. गाठ फुटून जखम झालती.

"कावून सांगितलं न्हाईस गं?" मी वरडले तिच्यावर. "तुला अक्का दिसली न्हाई का? मी वाचले न्हाई का?"

ती खाली बघत म्हणली, "सांगणारच होते, अक्का. छावणीत कार्यक्रम होता ना, त्याच दिवशी. वहिनीसाहेबांना एकटं गाठून सांगणार होते. तवा सुपारीएवढी होती."

"मग?"

"मग तुला वर उभं केलं. तू पदर सरकवला. माझ्या मागं बसलेली सासू म्हणली, बघ, कसली दशा. मी तिथंच ठरवलं. मरण परवडलं पण हे नको."

मी नवं फडकं फाडून तिची जखम बांधली.

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिच्या नवऱ्याच्या हातापाया पडून नेलं. डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि नुसती मान हलवली. माझ्या वेळी गाठ कापायला तरी उरली होती. शालनची हाडात उतरलती. पोळ्याच्या आधी गेली. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई. शेवटच्या दिवसांत माझ्या मायनं तिलाही एक मोहरीची उशी करून दिली. ती तिनं उशाला ठेवली, दुसरीकडं कुठं ठेवणार?

तिच्या शेवटच्या अंघोळीला आळीत पाणी नव्हतं. एक हंडा आमच्या बुद्धवाड्यातून गेला, माझ्या घरचा. त्या दिवशी विटाळाचं नाव कुणी काढलं न्हाई.

मी लई दिवस जेवले न्हाई नीट. वहिनीसाहेबांना शिव्या दिल्या, पण शिव्या देऊन सुटका होती का? त्यांनी सांगितलं हे खरं. सरकवला मी. माझ्या मापापायी सरकवला. दोनशे बायांत कितींच्या झंपराखाली सुपारी होती, मला काय माहीत? त्यांना मी वरून काय दाखवलं? की सांगितलंस तर तुझी ही गत. शालनला रोगानं मारलं म्हणतेत. मला विचारा.

वर्ष फिरलं. संस्थेचे सचिव जीप घेऊन दारात आले. कारखान्याच्या सभागृहात पुन्हा कार्यक्रम होता. "बरी झालेली भगिनी म्हणून दोन शब्द बोल," म्हणले. "वहिनीसाहेबांनी आठवणीनं बोलावलंय. तुझ्या मापाचंही बघू म्हणल्यात." मी म्हणलं, येते. फळीवरचा डबा पुसला, पिशवीत टाकला.

सभागृह भरलं होतं. वर पाच बाया उभ्या होत्या, पाचींच्या माना खाली. टेबलावर तसलेच डबे रचलेले. वहिनीसाहेबांनी माईक माझ्या हातात दिला. माझ्या बोटाला त्यांचं बोट लागलं. लागू दिलं त्यांनी, फोटो चालू होता.

"सांग, त्या भेटीनं तुझं आयुष्य कसं बदललं."

मी डबा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी ठेवलता तसाच.

"वहिनीसाहेब, हे डावीचं हाय. माझी उजवी गेली."

त्या हसल्या आणि हळूच म्हणल्या, "अगं, मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"तुमी विचारलं न्हाई."

"बरं, बदलून देऊ. बस आता."

"बसायला आले न्हाई. छावणीच्या साली तुमी मला पदर सरकवायला लावला. खाली एक बाई बसलती, तिला गाठ होती, लहान होती. ती तुमालाच सांगायला आलती. माझी दशा बघून गप बसली आणि मेली."

खालून कुणीतरी विचारलं, कोण? मी नाव घेतलं न्हाई. समोर तिसऱ्या रांगेत तिची सासू बसलती. शालननं दार लावून मला दाखवलं होतं. माईकवर तिचा पदर सरकवायचा मला काय हक्क?

माईक बंद पडला. बंद केला. दूध संस्थेच्या अंगणात दहा वर्षं बायांची नावं वरडून पुकारलीत मी, मला माईक कशाला?

"पुढच्या बारीला फोटोवाला आणू नका," मी म्हणलं, "पडदा आणा. आणि पडद्यामागं अशी बाई बसवा, जी आधी विचारंल, कुठं दुखतंय."

त्या पाच जणींतल्या एकीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तिचा हात धरला आणि दोघी मिळून खाली उतरलो. बाकीच्या चौघी वरच राहिल्या. त्यांना मी नावं ठेवत न्हाई. मी पण राहिले होते.

जीपनं परत आणून सोडलं न्हाई. आमी चालत फाट्यावर आलो, एसटी धरली.

माप गेलं ते गेलंच. झाडलोटही गेली. मी रोजानं खुरपायला जाते, डाव्या हातानं. गावात म्हणतेत, माजली. म्हणू देत.

आता नेकनूरच्या बाजारच्या दिवशी पिशवी घेऊन निघते. पिशवीत मोहरी, मऊ कापड, सुई-दोरा. जिथून निरोप येतो तिथं जाते, वरची आळी असो की तांडा असो. कुणी चहा देतं, कुणी अजून कप वेगळा काढतं. वेगळा कप काढला तर मी चहा पीत न्हाई, पण बाईला बघितल्याशिवाय उठत न्हाई. गाठ असंल तर दवाखान्यात घेऊन जाते, व्हरांड्यात संगं झोपते. कापून आलेली असंल तर हात भिंतीवर कसा चालवायचा ते दाखवते, उशी तोलून देते. घरातली माणसं आडवी येतेत. सासवा तर लई. मी हलत न्हाई. एकदा हलले होते, त्याची किंमत शालननं दिली.

आत गेले की आधी दार लावते, मग विचारते, बाई, कंची बाजू?