लिमॉनमधलं डिसेंबरचं ऊन

"सोमवारी आम्ही जुनी शेड पाडतोय," मार्वा स्क्रीनवरून म्हणाली. "पण त्याआधी एक सांगा. तुमच्या रिपोर्टमध्ये डिसेंबरचं ऊन लिहिलंय, ते कुठलं?"

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. मी, माझा बॉस ग्रेग, आमचा क्लायंट रसेल आणि ब्रिस्बेनहून दोन तास गाडी चालवत आलेली स्पॅनिश दुभाषी. मार्वा पहिल्या मिनिटापासून इंग्लिशमध्ये बोलत होती. त्यामुळे दुभाषी निवांत बिस्किटं खात होती.

"गुड क्वेश्चन," ग्रेग म्हणाला. "आपण हे ऑफलाइन घेऊ." म्हणजे उत्तर कधीच मिळणार नाही.

कॉल संपला. रसेल खुशीत होता. मी मात्र नव्हते, कारण ते ऊन मी लिहिलं होतं.

आता सुरुवातीपासून सांगते. मी ॲग्रिकल्चरल इंजिनिअर. शेतातला माल वाळवणं हा माझा विषय. रसेल टूवूंबाबाहेर सोलर ड्रायर बनवतो. प्लास्टिकचं छत, खाली जाळीचे ट्रे, ऊन आलं की आत भट्टीसारखं तापतं. त्याला हे ड्रायर परदेशात विकायचे होते आणि गिऱ्हाईक मिळालं कोस्टारिकातल्या लिमॉन प्रांतात. तिथली एक कोकोची सोसायटी, म्हणजे शेतकऱ्यांची चाळीसेक कुटुंबं. मार्वा त्या सोसायटीची सेक्रेटरी. तिथे ड्रायर चालतील का, हा रिपोर्ट रसेलने आमच्या कन्सल्टन्सीकडून करून घेतला.

कोकोचं गणित सोपं आहे. फळातून काढलेल्या ओल्या बिया पाच-सहा दिवस लाकडी खोक्यात आंबवायच्या आणि लगेच वाळवायच्या. वाळवायला उशीर झाला की बुरशी. बुरशी लागली की कोणी घेत नाही. वर्षाची मेहनत उकिरड्यावर. सोसायटीकडे एक जुनी शेड होती, लाकडी फळ्यांची जमीन आणि खालून जाळाची नळी. पाऊस असो नसो, बिया वाळायच्या. पुराचं पाणी चढणार नाही अशी तेवढी एकच सपाट जागा त्यांच्याकडे होती. म्हणून रसेलचे ड्रायर बसवायला ती शेड पाडायची होती. रिपोर्टमध्ये मी तिला 'ऑब्सोलीट' म्हटलं होतं. न बघता.

रिपोर्ट आमच्याकडे कसे तयार होतात तेही ऐका. भूगोल एकाने लिहायचा, इतिहास दुसऱ्याने, टेक्निकल तिसऱ्याने. ग्रेग वर एक्झिक्युटिव्ह समरी लावतो, मुखपृष्ठावर सूर्यास्ताचा फोटो टाकतो, की झालं. एकाचा चॅप्टर दुसऱ्याने वाचायचा नाही, असा नियम नाही. पण वाचला तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतात.

कॉलनंतर मी तो रिपोर्ट पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचला. पान अकरावर, भूगोलाच्या चॅप्टरमध्ये, स्वच्छ लिहिलं होतं: देशाच्या पॅसिफिक बाजूला डिसेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम असतो. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या लिमॉनला खरा कोरडा हंगामच नाही. समुद्रावरचे वारे डोंगराला अडतात आणि पाऊस वर्षभर पडतो. डिसेंबर तर अगदी ओला. थोडी उसंत मिळाली तर सप्टेंबर-ऑक्टोबरात.

पान एक्केचाळीसवर, माझ्या चॅप्टरमध्ये: डिसेंबर ते मार्च, उत्तम ऊन.

कुठून आणलं मी हे ऊन? दापोलीहून! सांगायला लाज वाटते, पण तेच खरं. आमचं घर दापोलीजवळचं. किनारा, मागे डोंगर, नारळ, केळी, घामट हवा. लिमॉनचे फोटो बघितले आणि मला वाटलं, अरे, हे तर आपलंच. दापोलीत दिवाळी झाली की आकाश कोरडं ठणठणीत. थंडीत खळ्यात सुपाऱ्या पसरायच्या आणि मार्चपर्यंत ढगाकडे बघायचंसुद्धा नाही. मला कोण किनारा शिकवणार! वेदर स्टेशनचा एकच आकडा काढला, तोही राजधानीचा. राजधानी डोंगराच्या पल्याडच्या बाजूला, पठारावर. आकडा मनासारखा निघाला, म्हणून दुसरा काढलाच नाही. अर्धं जग ओलांडून आले आणि पाऊस मात्र गावचाच धरून बसले.

मी इतिहासाचा चॅप्टर लिहिणाऱ्या अभिजितला फोन लावला. पुण्याचा, इथल्या युनिमध्ये शिकवतो, आमच्यासाठी अधूनमधून लिहितो.

"अभिजित, लिमॉनमध्ये लोक इंग्लिश बोलतात हे तुला माहीत होतं?"

"माहीत? अगं, सहा पानं लिहिलीत त्यावर! डोंगरातली कॉफी बंदरापर्यंत न्यायला रेल्वे बांधली. त्यासाठी जमैकाहून मजूर आणले. तापाने माणसं पटापट मेली. रुळांच्या कडेने केळी लावली आणि त्यातून अख्खा केळ्यांचा धंदा उभा राहिला. पुढे केळ्यांवर रोग पडला, मळ्यांची मालक अमेरिकन कंपनी पॅसिफिक बाजूला निघून गेली. काळ्या मजुरांना मात्र तिकडच्या मळ्यांत काम द्यायचं नाही असं ठरलं. मग जे मागे राहिले त्यांनी कोको धरला. त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या घरात अजून इंग्लिश आहे. तुम्ही वाचलं नाहीत?"

"आम्ही स्पॅनिश दुभाषी बोलावली होती."

पलीकडे बराच वेळ हसू. "आणि तुझं काय बिघडलंय?"

सांगितलं. हसू थांबलं.

"अगं बाई, एक कंपनी त्यांना वाऱ्यावर सोडून गेली, ते निदान स्वतःच्या फायद्यासाठी. तुम्ही तर नुसत्या आळसाने सोडणार."

झोंबलं. पण खोटं काय होतं त्यात?

ग्रेगकडे गेले. तो बसवून ऐकून घेणाऱ्यातला नाही, त्यामुळे दारातूनच बोलले. "पान एक्केचाळीस चुकलंय. डिसेंबरात तिथे ऊन नाही. शेड पाडली तर त्यांच्या बिया सडतील."

"मेट," ग्रेग म्हणाला, "रिपोर्ट क्लायंटने साइन-ऑफ केलाय. पान तीनवर डिस्क्लेमर आहे."

"डिस्क्लेमर अंगणात पसरून बिया वाळत नाहीत."

"नेक्स्ट व्हर्जनमध्ये करू ना. जानेवारीत."

"शेड सोमवारी पाडतायत, ग्रेग!"

त्याने टेबलावरचा एक कागद उगाच सरळ केला. तो माझा कागद होता. माझं काँट्रॅक्ट डिसेंबरात संपत होतं आणि मला पर्मनंट करायचं पत्र त्याच्या सहीसाठी थांबलं होतं. "मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण चूक कोणाची होती, हा प्रश्न निघेल. टायमिंग बघ."

तो काही म्हणत नव्हता, हे बरोबरच. म्हणण्यासारखं सगळं त्या कागदावर होतं. घाबरले का? घाबरले. टूवूंबात माझ्या कामाच्या दुसऱ्या जागा बोटावर मोजण्याइतक्या. नवऱ्याची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट, मुलगी शाळेत रुळलेली. गाडी घेऊन मी आधी घरी निघाले, मग अर्ध्या वाटेतून वळून रसेलच्या वर्कशॉपला गेले. ज्याच्या पैशाने रिपोर्ट झाला, त्याला आधी सांगायला हवं होतं.

रसेल ट्रे वेल्ड करत होता. ऐकून त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"म्हणजे माझा ड्रायर तिथे चालणारच नाही?"

"चालेल. उसंतीच्या महिन्यांत, आणि खाली पंखा नि बर्नर लावलास तर एरवीही. पण शेडच्या जागी नाही. शेडच्या जोडीला."

"हे तू मला दोन महिने आधी का नाही सांगितलंस?"

"कारण मी दापोलीची आहे," असं सांगता येईना. "मी चुकले," म्हटलं.

त्याने टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाला, "फोन कर त्या बाईला. आत्ता कर. माझ्यासमोर."

आमच्याकडे शुक्रवारची सकाळ, मार्वाकडे गुरुवारची संध्याकाळ. मागे पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की तिला ओरडून बोलावं लागत होतं.

"मार्वा, डिसेंबरचं ऊन मी लिहिलं होतं. ते चूक आहे. शेड पाडू नका."

"काय?"

"शेड पाडू नका!"

पाऊस वाजत राहिला. मग ती म्हणाली, "आमच्या मीटिंगमध्ये चार म्हाताऱ्यांनी हेच सांगितलं होतं. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, ऑस्ट्रेलियाहून इंजिनिअरने लिहून दिलंय, रंगीत छापलंय, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत असेल." तिने आवाज अजून चढवला. "मी सगळा जन्म ह्या पावसात काढलाय. आणि तुझ्या कागदावर विश्वास ठेवला."

तिने शिव्या घातल्या असत्या तर परवडल्या असत्या.

शेड उभीच राहिली. रसेलने दोनच ड्रायर पाठवले, पंखे-बर्नर लावून. ते शेडशेजारच्या उंचवट्यावर फळ्यांचा चौथरा घालून बसवले. डिसेंबरभर तिथे पाऊस कोसळला आणि सगळा माल जुन्या शेडमध्ये वाळला. माझ्या ऑब्सोलीट शेडमध्ये.

मला पर्मनंट केलं नाही. सहा महिन्यांचं एक्स्टेन्शन दिलं, वर "ओनरशिप दाखवल्याबद्दल" सगळ्यांसमोर टाळ्या. रिपोर्टची नवी आवृत्ती निघाली, तिच्यावरही सूर्यास्ताचाच फोटो.

आता कुठल्याही गावावर लिहायचं असलं की मी आधी तिथल्या माणसाला फोन करते आणि विचारते, तुमच्याकडे पाऊस कधी असतो? दोन मिनिटं लागतात. ग्रेग ह्याला 'स्टेकहोल्डर एंगेजमेंट फ्रेमवर्क' म्हणतो. परवाच ब्रिस्बेनला कॉन्फरन्समध्ये त्यावर चाळीस मिनिटं बोलून आला.