स्टीलची तार

मी झाशीजवळच्या बबीनाला आर्मी एव्हिएशनच्या फ्लाइटमध्ये, म्हणजे छोट्या हेलिकॉप्टर तुकडीत, हवालदार टेक्निशियन होतो. आमचं हेलिकॉप्टर एका इंजिनाचं. पायलट कॅप्टन विनायक झाशीचेच, दतिया गेटजवळच्या जुन्या मराठी घरातले. वय सत्तावीस.

हेलिकॉप्टरच्या दाराला आणीबाणीचं हँडल असतं. ते ओढलं की अख्खं दार निखळतं आणि बाहेर पडता येतं. चुकून ओढलं जाऊ नये म्हणून त्याला तांब्याची बारीक तार बांधतात. झटक्यासरशी ती तुटते. आधीच्या महिन्यात उडताना तार तुटून एक दार शेतात पडलं आणि त्याचा जबाब मला द्यावा लागला. त्यात उजव्या दाराची तार झिजलेली. स्टोअरकडे तीनदा लेखी मागणी केली. तिन्ही कागदांवर शेरा एकच: उपलब्ध नाही.

माझं डोकं फिरलं. झाशीच्या बडा बाजारात मी शेंगदाण्यांसाठीही घासाघीस करायचो. इथे मात्र घासाघीस न करता स्टोअरकीपरला माझ्या कोट्यातली रमची बाटली दिली आणि स्टीलची तार आणली.

"ये नहीं टूटेगी, मराठा," तो हसला.

"अच्छा है. दरवाज़ा गिरेगा तो नहीं." त्याच संध्याकाळी ती मी उजव्या दाराच्या हँडलला बांधली.

दुसऱ्या दिवशी ९.१०ला उडालो. ९.२५ला बेतवाच्या धरणावर, पाचशे फुटांवर, इंजिन बंद पडलं. काठ दूर होता.

"बेस, इंजिन फेल्युअर. पाण्यात उतरतोय. दोन माणसं." कॅप्टन रेडिओवर बोलले, मग मला म्हणाले, "कदम, दार टाक."

डावं दार माझं. त्याला जुनी तांब्याची तार होती. एका झटक्यात गेलं. त्यांनी उजवं हँडल ओढलं. पुन्हा ओढलं.

"कदम, हे काय बांधलंयस?"

त्यांनी हात कंट्रोलवर नेला आणि मशीन सपाट पाण्यावर ठेवलं. ते उजवीकडे कलंडलं. मी वर आलो. कॅप्टन आले नाहीत.

चौकशीत विचारलं, उजवं दार सुटलं का?

"नाही, सर. पण स्टोअरचे तीन कागद—"

"हवालदार, विचारलं तेवढंच."

कागद फाइलमध्ये नव्हतेच. त्या कागदांसाठी मी टेबलावर हात आपटून ओरडलो. तारेबद्दल गप्प राहिलो. पेन्शनला चार वर्षं होती. मशीनची उजवी बाजू चेपून गेली होती, तार कुणी पाहिली नाही. निष्कर्ष लिहिला गेला: पायलट घाबरला, दार सोडू शकला नाही.

रिटायर झाल्यावर दतिया गेटला त्यांच्या आईकडे गेलो.

"विनू लहानपणी विहिरीत डोकवायलाही भ्यायचा," त्या म्हणाल्या. "पण भैया, साधं दार उघडता येऊ नये इतका भ्याला?"

मी सगळं सांगितलं. बाटलीसकट.

"म्हणजे त्यानं ओढलं होतं."

"दोनदा, काकू."

"मग हे तेव्हाच का नाही बोललात?"

स्टोअरवरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण सौदा मी केला होता.

म्हणून इथे लिहून ठेवतो. कॅप्टन विनायक घाबरले नव्हते. दार उघडत नाही हे कळल्यावरही त्यांनी मशीन सपाट उतरवलं. त्यामुळे मी आहे.